वॉर्ड ‘महिला’ निघाला, मग पुढे काय होतं?

२००७ च्या महापालिका निवडणुकीआधी वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत होती, त्या दिवशी आमच्या गल्लीतले भाऊ सकाळपासून अंगणात येरझारा घालत होते. तेव्हा नागपुरात एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडून जायचा. भाऊंनी तीन वर्षं गणपती, भंडारा, मयतीला गाडी असं सगळं सांभाळलं होतं. दुपारी सभागृहातून कोणाचा तरी फोन आला. भाऊंनी विचारलं, “काय निघाला?” उत्तर ऐकून बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. वॉर्ड ‘महिला’ निघाला होता. संध्याकाळी वहिनींना म्हणाले, “एक चांगला फोटो काढून ठेव वं. डोक्यावर पदर घेजो.”

वहिनी निवडून आल्या. पहिलं वर्षभर त्यांचा मोबाइल भाऊंच्याच खिशात असायचा, आणि बॅनरवर वहिनींच्या फोटोपेक्षा भाऊंचा फोटो बोटभर मोठा. तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र काहीतरी सरकलं. दोन दिवस टँकर फिरकला नव्हता, भाऊ लग्नाला बाहेरगावी होते, आणि बायका रिकाम्या घागरींसकट दारात येऊन बसल्या. वहिनींनी स्वतः झोन ऑफिसला फोन लावला, मग ऑटो करून तिथे गेल्याच. त्यानंतर मोबाइल त्यांच्याकडेच राहिला. २०१२ ला दोन-दोन सदस्यांचे प्रभाग झाले, आमच्याकडे एक जागा महिलेची आणि एक खुली. पक्षानं सांगितलं, एका घरात एकच तिकीट. तिकीट भाऊंना मिळालं, खुल्या जागेवरचं. महिलेच्या जागेवर शेजारच्या वस्तीतली कोणी नवी बाई आली, आणि वहिनी पुन्हा घरी.

असा एखादा किस्सा नागपूरच्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. त्यावरून दोन अगदी उलटी अनुमानं काढता येतात. एक म्हणजे महिला आरक्षण हे नाटक आहे, आरक्षण सरकलं की बाई गायब. दुसरं म्हणजे, नाही, ती एकदा आली की काहीतरी बदलतं, वहिनींना टँकर आणता आला ना! पानठेल्यावर हा वाद जन्मभर चालू शकतो, कारण दोन्ही बाजूंकडे एकेक वहिनी असतात. एका राज्यशास्त्रज्ञानं हाच प्रश्न मोजून सोडवायचा प्रयत्न केला, तोही आपल्याच राज्यातल्या एका महापालिकेची आकडेवारी घेऊन.

आधी नियम पाहू. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांच्या पालिकांमध्ये किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये हा वाटा निम्म्यावर नेला. या जागा कायमच्या एकाच वॉर्डाला चिकटून राहत नाहीत, त्या फिरतात. कुठला वॉर्ड राखीव होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. पारदर्शक ड्रम, शाळेतली एखादी मुलगी, तिनं हात घालून काढलेली चिठ्ठी, समोर जीव मुठीत धरून बसलेले इच्छुक. हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहिलंय की त्यात शास्त्राच्या दृष्टीनं काही मोलाचं आहे, असं वाटतच नाही.

मोलाचं काय आहे ते कळायला संत्र्याच्या बागेत जावं लागेल. समजा काटोलच्या एका शेतकऱ्याला नवीन खत तपासायचंय. त्यानं बागेतली सगळ्यात टवटवीत झाडं निवडून त्यांनाच खत घातलं आणि बहार भरघोस आला, तर श्रेय कोणाचं? खताचं, की मुळातच जोमदार असलेल्या झाडांचं? सांगता येणार नाही. म्हणून शेतीशास्त्रात कुठल्या वाफ्याला किंवा झाडाला खत घालायचं हे चिठ्ठी टाकून ठरवतात. चिठ्ठीला झाडाची तब्येत माहीत नसते. जमीन, सावली, पाण्याची ओढ हे सगळे फरक दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जातात, आणि शेवटी जो फरक उरतो तो खताचाच. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात ही रीत पक्की बसवली. औषधांच्या चाचण्यांत ती पुढे आली. आमच्या अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेत कोणालाही विचारा, चिठ्ठी न टाकता केलेल्या प्रयोगाकडे ते ढुंकूनही बघणार नाहीत.

निवडणुकीत मात्र असा प्रयोग करणार कसा? खुल्या जागेवरून बाई जिथे निवडून येते, तो वॉर्ड आधीपासूनच वेगळा असू शकतो. तिथे तिचं घराणं वजनदार असेल, पक्ष भक्कम असेल, किंवा तिथल्या मतदारांना बाईचं वावडं नसेल. अशा वॉर्डाची दुसऱ्याशी तुलना म्हणजे टवटवीत झाडाची सुकलेल्याशी तुलना. पण आरक्षणाची सोडत? तिला वॉर्डाची तब्येत माहीत नसते. म्हणजे आयुक्तांच्या आणि निवडणूक आयोगाच्या ध्यानीमनीही नसताना दर निवडणुकीला एक चोख प्रयोग मांडला जात होता, फक्त कोणीतरी निकाल वाचायचा बाकी होता. अशाला अभ्यासक ‘नैसर्गिक प्रयोग’ म्हणतात, म्हणजे संशोधकानं न मांडलेला, व्यवहारात आपोआप घडलेला प्रयोग.

तो निकाल वाचला रिखिल भावनानी यांनी. हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ. त्यांचा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ या दोन निवडणुका घेतल्या. मुंबईच का? तिथे एका वॉर्डातून एकच नगरसेवक जातो, त्यामुळे हिशेब स्वच्छ राहतो. मग त्यांनी २००२ मध्ये खुले असलेले वॉर्ड दोन ढिगांत टाकले. एका ढिगात १९९७ ला महिलांसाठी राखीव असलेले वॉर्ड, दुसऱ्यात तेव्हाही खुलेच असलेले. दोन्ही ढिगांत आता आरक्षण नाही. फरक एवढाच की पहिल्या ढिगातल्या वॉर्डांनी मागची पाच वर्षं बाई नगरसेवक पाहिली होती, आणि तीही चिठ्ठीच्या मर्जीनं.

उत्तर असं आलं: आधी राखीव असलेल्या वॉर्डातून, आरक्षण निघून गेल्यावरही, बाई निवडून येण्याची शक्यता दुसऱ्या ढिगाच्या जवळपास पाचपट होती.

पाचपट म्हटलं की छाती फुगते, म्हणून इथे जरा थांबतो. पट हा शब्द फसवा आहे. समजण्यापुरतं धरा की एरवी शंभर खुल्या वॉर्डांतून चार बायका निवडून येतात. त्याच्या पाचपट म्हणजे वीस. उरलेल्या ऐंशी वॉर्डांत पुरुषच. म्हणजे आमच्या वहिनींचं जे झालं तेच बहुतेकींचं होतं, आणि तरीही आरक्षणाचा परिणाम खरा आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पानठेल्यावरच्या दोन्ही बाजूंना पचत नाही.

परिणाम होतो कशामुळे? भावनानी इथे जपून बोलतात, पुरावा कच्चा आहे हे स्वतःच सांगतात. त्यांना दोन वाटा दिसल्या. पहिली सरळ आहे. आरक्षणामुळे ज्या बायका राजकारणात आल्या त्यांच्यातल्या काही मुळातच जिंकू शकणाऱ्या निघाल्या. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आरक्षणानं विचारलं. दुसरी वाट मला जास्त रंजक वाटते. तिथे शिकणारा मतदार नसून पक्ष आहे. ‘बाई पडते’ हा पक्षाच्या कार्यालयातला जुना ठोकताळा. आरक्षित निवडणुकीत पक्षाला झक मारून बाई उभी करावी लागते, ती जिंकते, प्रचार करते, लोकांची कामं करते, आणि मग पुढच्या वेळी तिकीटवाटपाच्या बैठकीत ‘पडते’ म्हणणाऱ्याला पुरावा दाखवता येतो.

मतदाराचं काय होतं, याचं उत्तर बंगालमधून आलं. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा यांनी, तेही २००९ मध्येच, पश्चिम बंगालच्या खेड्यांतला अभ्यास मांडला. गावकऱ्यांना एका पुढाऱ्याचं भाषण ऐकवलं. भाषण शब्दशः तेच, पण काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. ज्या गावांनी बाई सरपंच (तिकडे प्रधान म्हणतात) पाहिली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या त्याच भाषणाला कमी गुण दिले. जिथे पाहिली होती, तिथे ही कपात जवळपास पुसली गेली. यात एक गंमत आहे. “तुम्हाला पुढारी म्हणून पुरुष आवडेल की बाई?” असं सरळ विचारलं तर आवड काही बदललेली नव्हती! म्हणजे बाई सत्तेवर असणं त्यांना अजूनही रुचत नव्हतं, पण तिला काम जमतं, हे नाकारणं मात्र कठीण झालं होतं. आमच्या गल्लीत टँकरनंतर नेमकं हेच झालं होतं. “वहिनी भलत्याच पुढे पुढे करते,” असं म्हणणारे काका टँकर हवा असला की वहिनींनाच फोन लावत.

आता प्रश्न येतो की बाई निवडून आली तर तिथल्या बायकांचं भलं होतं का. इथे ‘प्रतिनिधी’ या शब्दाची थोडी चिरफाड करावी लागते. हॅना पिटकिन या राजकीय विचारवंत बाईंनी १९६७ मध्ये ती करून ठेवलीय, आणि अजूनही अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात. त्यांच्या विवेचनातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. आपल्या बोलीत सांगायचं तर प्रतिनिधी ‘आपल्यातला’ असणं ही एक गोष्ट, आणि त्यानं ‘आपल्यासाठी’ काम करणं ही दुसरी. पहिल्यातून दुसरी आपोआप येते असं आपण धरून चालतो.

स्त्रियांच्या बाबतीत ती आली, निदान काही ठिकाणी. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या पंचायती तपासल्या. राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, दोन्हीकडे. पाणी भरतं कोण, हे आठवलं की यात नवल वाटत नाही. रस्त्यांचा निकाल पाहा: बीरभूममध्ये बायकांच्याही तक्रारी रस्त्यांबद्दल होत्या, तिथे राखीव पंचायतींनी रस्त्यांवर जास्त खर्च केला. उदयपूरकडे रस्ता ही पुरुषांची मागणी होती, तिथे राखीव पंचायतींत रस्त्यांवरचा खर्च कमी झाला. म्हणजे ‘बाई म्हणजे पाणी’ असं ठोकळेबाज काही नव्हतं, त्या त्या ठिकाणच्या बायका जे मागत होत्या तिकडे पैसा वळला. डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा पेपरात या कामाचीही आठवण निघाली होती.

अनुसूचित जातींच्या राखीव मतदारसंघांचं चित्र मात्र इतकं सुखाचं नाही. नागपुरात हे बोलताना जपून बोलावं लागतं, आणि बोलायलाच हवं. उत्तर नागपूर, उमरेड आणि लोकसभेचा रामटेक हे आपल्या भोवतालचे राखीव मतदारसंघ. नॉर्वेच्या राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का येन्सेनियस यांनी देशभरातल्या राखीव विधानसभा मतदारसंघांची तशाच सर्वसाधारण मतदारसंघांशी तुलना केली. १९७१ ते २००१ या तीस वर्षांत तिथल्या दलितांच्या विकासात, साक्षरता किंवा रोजगार अशा मोजमापांत, म्हणावा असा फरक पडलेला त्यांना दिसला नाही. आरक्षणावर टीका करणारे हे वाक्य लगेच उचलतात. त्यांनी कारणही वाचावं. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघांची, म्हणजे दलितांचा प्रतिनिधी फक्त दलितांनीच निवडण्याची, मागणी मागे पडली. राखीव जागा वाढून प्रांतिक विधिमंडळांत १४८ झाल्या, पण मत सगळ्यांनी मिळून द्यायचं ठरलं. आजही तेच आहे. राखीव जागेवरचा उमेदवार दलित असतो, मतदार बहुसंख्येनं इतर, आणि तिकीट पक्षाच्या हातात. तो ‘आपल्यातला’ असतो, पण निवडून यायला त्याला सगळ्यांचा व्हावं लागतं. बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ का हवे होते, ते यावरून आपोआप उलगडतं. येन्सेनियस यांना यात एक जमेची बाजूही दिसते: राखीव जागांमुळे सर्व पक्षांत दलित राजकारण्यांचा एक वर्ग उभा राहिला, आणि सत्तेच्या खोलीत सोबत बसण्या-उठण्यातून काही भिंती खाली आल्या.

आता नागपूर. मुंबईचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येत नाही, आणि दोष आपल्या प्रभागांचा आहे. मुंबई सोडली तर राज्यातल्या बाकी महापालिकांत वॉर्डाची पद्धत २०१७ पर्यंत दर निवडणुकीला बदलत गेली: २००२ ला तीन सदस्य, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. २०१७ ला नागपुरात ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक गेले. ३७ प्रभाग चौघांचे, एक तिघांचा. दर वेळी हद्दी नव्यानं आखल्या जायच्या. मग ‘मागच्या वेळी राखीव असलेला वॉर्ड’ शोधायचा कुठे? झाडच दर बहाराला उपटून दुसरीकडे लावलं, तर खताचा परिणाम मोजणार कसा?

२०१७ ला मी मतदान केंद्रावर ड्युटीला होतो. एका मतदाराला चार मतं द्यायची होती, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी. कितीतरी आज्या एक बटण दाबून निघायच्या, आणि आम्ही मागून हाका मारायचो, “आजी, अजून तीन बाकी आहेत!” त्यांचा प्रश्न रास्त होता: “चार जण कायले पाहिजे बावा?” आम्हाला उत्तर देता यायचं नाही. व्यवहारात लोक पॅनल बघून एकाच चिन्हाची चार बटणं दाबतात. प्रत्येक जागेवर अख्खा प्रभाग मत देतो, त्यामुळे चाळीस टक्क्यांचा गट असेल तर तो बहुतेक चारही जागा घेऊन जातो, आणि पंचवीस टक्क्यांची वस्ती एकगठ्ठा राहत असली तरी तिच्या वाट्याला शून्य. तीच वस्ती छोट्या एकसदस्यीय वॉर्डात असती तर तिचा एक माणूस सहज आला असता. त्या वर्षी भाजपला १५१ पैकी १०८ जागा मिळाल्या, काँग्रेसला २९, बसपला १०. इतक्या मोठ्या फरकात लाट किती आणि प्रभागरचना किती हे वेगळं काढता येत नाही, पण मोठ्याला आणखी मोठं करणं हा या पद्धतीचा स्वभाव आहे.

बायकांसाठी याचा अर्थ काय? वरवर पाहता फायदा. प्रत्येक प्रभागात निम्म्या जागा त्यांच्या, त्यामुळे आरक्षण सरकून बाई बेघर होत नाही. पण मुंबईत पक्षाला जो धडा शिकावा लागला, तो इथे शिकायची गरजच उरत नाही. पक्ष हिशेब मांडतो: दोन जागा बायकांच्या, दोन पुरुषांच्या. कायद्यात पुरुषांची जागा अशी चीजच नाही. जी राखीव नाही ती सर्वसाधारण, म्हणजे स्त्री-पुरुष कोणालाही खुली. तरी तिला ‘जेन्ट्सची सीट’ म्हणताना मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना ऐकलंय. निम्म्याची किमान मर्यादा चुपचाप कमाल मर्यादा होऊन बसते. शिवाय जबाबदारी चौघांत वाटली जाते. गटार तुंबलं की अ म्हणतो ब कडे जा, ब म्हणते क च्या निधीतून होईल. या गोंधळात बाईनं केलेलं काम बाईच्या नावावर जमा होत नाही, आणि पाचपट वगैरे जे काही होतं ते कामाच्या अशा जमाखर्चातूनच होत असतं. मार्च २०२२ नंतर तर जवळपास चार वर्षं प्रशासकच होता, तक्रार करायला अ पण नाही आणि ड पण नाही.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनं लोकसभा आणि विधानसभांतही एक तृतीयांश जागा स्त्रियांना द्यायचं ठरवलं. त्यात राखीव जागा दर निवडणुकीला फिरणार नाहीत, मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर फिरतील. भावनानी यांच्या चष्म्यातून पाहिलं तर हा तपशील महत्त्वाचा आहे. एकच बाई त्याच जागेवर दोन-तीनदा लढू शकेल, लोकांना तिचा हिशेब मागता येईल. उलट जे मतदारसंघ राखीव नाहीत, तिथल्या पक्षांना बरीच वर्षं काही शिकावंच लागणार नाही. २०२४ ला आरक्षणाविना लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका होत्या.

नागपूरपुरतं सांगायचं तर आपली सुरुवात फार चांगली होती. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत नागपूरनं अनसूयाबाई काळे यांना निवडून दिलं, आणि १९५७ ला पुन्हा. चिठ्ठी नव्हती, कोटा नव्हता. १९५८ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर आजपर्यंत नागपूर लोकसभेतून एकही बाई निवडून गेलेली नाही.

महापालिकेची निवडणूक शेवटी जानेवारी २०२६ मध्ये लागली, तेव्हा वहिनी भाजीच्या ठेल्यावर भेटल्या. पासष्टी ओलांडलीय, पण मोबाइल हातातच. मी सहज विचारलं, खुल्या जागेवर का नाही मागितलं तिकीट? मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हणाल्या, “मागतलं ना. गेली होती. तं म्हणते, ताई, तुमच्या दोन जागा हायेत ना, आता आमच्याबी घेता काय?”